वाचकांचे प्रश्न : ओरोमो मंडळी, परदेशातली आणि आपल्या वाटेवरची

गेल्या अंकात आम्ही चार ओळींचे एक टिपण छापले होते. आफ्रिकेतल्या इथिओपिया देशातले ओरोमो ख्रिस्ती निर्वासित होऊन अमेरिकेत गेले आणि तिथे त्यांनी आपल्या भाषेची मंडळी (म्हणजे चर्च) उभी केली, एवढाच त्याचा मजकूर. त्यावर वऱ्हाडातून, यवतमाळातून, मेळघाटातून पत्रे आली. काहींना इतिहास हवा आहे, काहींना ट्रस्टचे कागद. निवडक प्रश्न घेतले आहेत.

दर्यापूर (जि. अमरावती) येथील एक शिक्षक वाचक : ओरोमो म्हणजे नेमके कोण? त्यांच्यात सुवार्ता कोणी नेली? आपल्यासारखीच गोऱ्या मिशनऱ्यांनी का?

ओरोमो हा इथिओपियातला सर्वांत मोठा समाज. भाषा आफान ओरोमो. दीर्घकाळ देशाची एकमेव राजभाषा असलेली अम्हारिक आणि जुनी ऑर्थोडॉक्स मंडळीची भाषा गीझ, या दोन्हींपासून ती वेगळी आहे. सगळे ओरोमो ख्रिस्ती नाहीत, हे आधीच लक्षात घ्या. पूर्वेला आणि दक्षिणेला हरार, अर्सी, बाले या भागांत बहुसंख्य मुसलमान आहेत. पश्चिमेच्या वोलेगात प्रॉटेस्टंट अधिक. ऑर्थोडॉक्स सगळीकडे विखुरलेले आहेत आणि वाका या एका देवाला मानणारा जुना धर्मही टिकून आहे.

मिशनऱ्यांविषयी विचारता, तर स्वीडनचे होते. पण सुवार्ता ओरोमोत आणली ती विकल्या गेलेल्या ओरोमोंनी. वोलेगाच्या शेजारी इलुबाबोर नावाचा मुलूख आहे. तिथला हिका नावाचा मुलगा लहानपणीच गुलामांच्या व्यापाऱ्यांनी पळवला आणि हातोहात विकला. १८७० साली तांबड्या समुद्राकाठच्या मसावा बंदरात त्याची सुटका झाली. बंदराजवळ इमकुल्लू इथे स्वीडिश मिशनची शाळा होती. १८७२ च्या ईस्टरला तिथे त्याचा बाप्तिस्मा झाला आणि नाव मिळाले ओनेसिमोस. बायबलातल्या फिलेमोनाच्या पत्रातला दास अनेसिम आपल्याला ठाऊक आहे, तेच हे नाव. आईबापांनी ठेवलेल्या ‘हिका’ या नावाचा अर्थ मात्र ‘भाषांतर करणारा’ असा होतो.

स्टॉकहोमला पाच वर्षे शिकून तो परतला आणि बायबलाच्या भाषांतराला बसला. अडचण अशी की मायबोली त्याच्या कानावरून फार लवकर गेली होती. व्याकरण येत होते, पण शब्द अपुरे पडत. इथे कामाला आली आस्तर गान्नो. तिलाही गुलाम म्हणून येमेनकडे नेत होते. १८८६ मध्ये इटालियन आरमाराने ते जहाज अडवले आणि तिला इमकुल्लूला पोचवले. तिने आधी ओरोमो शब्दांचा संग्रह केला, सुमारे १५,००० शब्दांचा. गाणी, कोडी, म्हणी, गोष्टी लिहून काढल्या आणि १८९४ चे ओरोमो वाचनपुस्तक त्यांतूनच तयार झाले. नवा करार १८९३ ला इमकुल्लूतच छापला गेला. संपूर्ण बायबल १८९९ ला स्वित्झर्लंडमधल्या सेंट ख्रिशोना इथे छापले. मुखपृष्ठावर ओनेसिमोसचे नाव येते आणि आस्तरचे बहुतेक वेळा गळते. आमच्या मते तिच्या शब्दसंग्रहाशिवाय ते भाषांतर पुस्तकीच राहिले असते.

ओनेसिमोस वोलेगात पोचला १९०४ साली, म्हणजे बायबल छापून पाच वर्षे झाल्यावर. आधीचे प्रयत्न वाटेतच फसले होते. तो ओरोमोतून शिकवतो आणि लोकांना समजते, हे तिथल्या धर्मगुरूंना रुचले नाही. तक्रारी झाल्या, बंधने आली. १९३१ मध्ये तो वारला. ओरोमो मंडळीचा पहिला गट, पहिले पुस्तक आणि पहिली शाळा या तिन्ही गोष्टी मुलखाबाहेर तयार झाल्या आणि नंतर घरी आल्या, एवढे ध्यानात ठेवा. अमेरिकेतल्या आजच्या मंडळ्या पाहताना ते उपयोगी पडते.

पुसदहून एक वाचक : मग ही ओरोमो मंडळी वाढली कशी? आणि अमेरिकेतही थंडीने गारठवणाऱ्या मिनेसोटातच हे लोक का गेले?

वाढीचे कारण बरेचसे अपघाती आहे. १९३६ ते १९४१ इटलीने इथिओपिया व्यापला आणि बहुतेक परदेशी मिशनऱ्यांना जावे लागले. मंडळ्या गावातल्या शिक्षकांच्या नि सुवार्तिकांच्या हाती आल्या आणि त्यांनी त्या चालवल्या. देवीच्या रोगाने लहानपणी दृष्टी गेलेले गिदादा सोलान हे त्यांतले एक. पश्चिमेकडच्या देंबिदोल्लो भागात पायी फिरून त्यांनी प्रेस्बिटेरियन पंथाच्या मंडळ्या बांधल्या. (त्यांचे चिरंजीव नेगासो गिदादा १९९५ ते २००१ देशाचे राष्ट्राध्यक्ष होते.) १९५९ च्या जानेवारीत लुथरन (मार्टिन लूथरच्या पंथाच्या) मंडळ्यांची मिळून ‘मेकाने येसूस’ ही राष्ट्रीय मंडळी झाली; प्रेस्बिटेरियन मंडळ्या तिला नंतर मिळाल्या. मेकाने येसूस म्हणजे येशूचे स्थान. तेव्हा सभासद होते वीस हजारांच्या आसपास. आज एक कोटीच्या वर सांगतात. त्यांत ओरोमो खूप आहेत, पण ती केवळ ओरोमोंची मंडळी नव्हे.

१९७४ मध्ये बादशाही गेली आणि ‘दर्ग’ नावाची लष्करी राजवट आली. मेकाने येसूसचे सरचिटणीस गुदिना तुम्सा हे ओरोमो होते. २८ जुलै १९७९ ला त्यांना उचलून नेले आणि ठार केले. अवशेष सापडले ते राजवट कोसळल्यावर, १९९२ मध्ये. पत्नी त्सेहाय तोलेसा यांनी दहा वर्षे तुरुंगात काढली. देवळांना कुलपे लागली, तशी प्रार्थना घरांत गेली. बरेच ओरोमो सुदान, सोमालिया, जिबूती, केनिया इथे पळाले.

१९८० मध्ये अमेरिकेने निर्वासितांचा नवा कायदा केला आणि छावण्यांतली माणसे तिकडे जाऊ लागली. त्यांना वसवण्याचे काम ज्या संस्था करत, त्यांत लुथरन संस्था मोठ्या होत्या. मिनेसोटा हा स्वीडिश, नॉर्वेजियन, जर्मन लुथरन वस्तीचा प्रांत. ज्या स्वीडनच्या मिशनने इमकुल्लूत शाळा काढली, त्याच देशातून गेलेल्या लोकांची नातवंडे इथल्या बाकांवर बसत होती. त्यात कारखान्यांत काम मिळे, इंग्रजी अडखळत असले तरी चाले. एक कुटुंब स्थिरावले की दुसऱ्या प्रांतातले भाऊबंद तिकडेच सरकत. आपल्याकडे सुरतेत एका गावची पोरे एकाच गल्लीत सापडतात, तसेच. अमेरिकेतले सर्वांत जास्त ओरोमो आज मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत आहेत. मुसलमान ओरोमोही तिथेच आहेत.

मूल (जि. चंद्रपूर) येथील पाळकसाहेब : परक्या गावी अशी मंडळी प्रत्यक्ष उभी कशी राहते, ते टप्प्याटप्प्याने सांगाल का? ‘देवाच्या कृपेने वाढली’ असे वाचून पुढे काही हाती लागत नाही.

पहिला टप्पा दिवाणखान्याचा. शनिवारी संध्याकाळी चार-पाच कुटुंबे एका घरी जमतात. गाणे, वाचन, प्रार्थना आणि मग बुना, म्हणजे कॉफी. कच्चे बी तव्यावर भाजतात, कुटतात, मातीच्या झारीत उकळतात आणि तीन फेऱ्यांत वाढतात. त्याला दीड तास सहज लागतो आणि कोणाची नोकरी गेली, कोणाचे कागद अडले, हे सगळे त्याच वेळात कळते. मंडळीचे निम्मे काम तिथे होते, असे समजायला हरकत नाही.

बैठकीत माणसे मावेनात की दुसरा टप्पा येतो. जवळच्या जुन्या लुथरन देवळाला विचारायचे : रविवारी दुपारनंतर वास्तू मोकळी असते, आम्हाला द्याल का? यजमान मंडळी म्हातारी झालेली आणि बाके रिकामी असतात. ती बहुधा हो म्हणते. गडबड होते ती तोंडी हो म्हणण्यामुळे. कागदावर काय यावे, ते इथे देतो, कारण हे आपल्याकडेही लागू आहे :

कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत. ओरोमो उपासना तीन तासांची होते आणि यजमानाला दीड तास वाटत असतो. स्वयंपाकघर वापरायचे की नाही. कॉफीचे बी भाजले की छतावरचा धुराचा भोंगा वाजतो, म्हणून भाजणे कुठे करायचे, तेही लिहावे. हिवाळ्यात वास्तू तापवण्याचा खर्च कोणाकडे. बर्फ कोण काढणार. किल्ल्या किती आणि कोणाकडे. वाद्ये कुठे ठेवायची. अपघाताचा विमा कोणाच्या नावे. नाताळ आणि पुनरुत्थानाच्या रविवारी दोघांनाही तीच वास्तू तीच वेळ लागते, तेव्हा काय. भाडे नाममात्र असो, पण पावती घ्यावी. फुकट राहणाऱ्याला दोन वर्षांनी पाहुण्यासारखे वागवले जाते.

तिसरा टप्पा नोंदणीचा. अमेरिकेत मंडळीला प्राप्तिकरातून सूट आपोआप असते. तरी बँकेत खाते उघडायला कर क्रमांक लागतो, आणि वास्तू घ्यायची असेल तर प्रांतात ना-नफा संस्था म्हणून नोंदणी करणे सोयीचे पडते. चौथा टप्पा पाळकाचा. पहिला पाळक बहुधा आठवडाभर नोकरी करून रविवारी उपदेश करतो. त्याला पूर्ण पगार देण्याची घाई केली की वर्षभरात थकबाकी होते, आणि पाळकाची थकबाकी ही मंडळीत सर्वांत लवकर कुजणारी वस्तू आहे.

स्वतःची वास्तू शेवटी. तीही पुष्कळदा जुन्या मंडळीने सोडलेलीच असते.

मोडते कशाने? तीन गोष्टींनी. पहिली, घरची भांडणे बरोबर येतात. एकाची पार्श्वभूमी मेकाने येसूसची, दुसऱ्याची मुलू वोंगेल या पेंटेकॉस्टल मंडळीची. बाळाचा बाप्तिस्मा द्यायचा की मोठेपणी पाण्यात बुडवून द्यायचा, इथून सुरुवात होते. सुरुवातीलाच एक कागद करून दोन्ही रीती चालतील की एकच, हे ठरवलेले बरे. दुसरी, पैसा. चेकवर एकाची सही, अर्पण मोजायला एकटा माणूस, हिशेब तोंडी. तिसरी गोष्ट सर्वांत सावकाश येते. मुले इंग्रजीत हसू लागतात आणि दहा वर्षांत उपदेश त्यांच्या डोक्यावरून जाऊ लागतो. काही मंडळ्यांनी दुसऱ्या खोलीत इंग्रजी उपासना काढली, काहींनी शब्बाथ शाळेबरोबर ओरोमो वाचायला शिकवणे सुरू केले. दोन्ही करावे लागते. नुसती भाषा शिकवली तर मुले कंटाळतात. नुसती इंग्रजी ठेवली तर आजी-आजोबा एका वास्तूत आणि नातवंडे दुसऱ्या वास्तूत जाऊ लागतात.

मूर्तिजापूरकडच्या एका गावावरून : आमच्या गावची सात-आठ पोरं कामासाठी हैदराबादले गेली. थे आता तिथं मराठीत उपासना सुरू कराचं म्हनतात. आमी गावातून का मदत कराव? पैशे पाठवाचे का?

भाऊ, पैसे सध्या नको. गाण्यांची पुस्तके पाठवा, दहा-बारा. नारायण वामन टिळकांची भजने आणि तुमच्या मंडळीत रोज म्हणतात ती गाणी. सोबत टाळांचे दोन जोड. ढोलकी तिथे मिळेल. मोबाइलवर शब्द दिसतात हे खरे, पण आठ माणसे आठ मोबाइलांकडे पाहून गात असली की गाणे उठत नाही.

पोरांना सांगा, आधी खोलीवर शनिवारी रात्री जमा. तीन महिने खंड न पडता जमलात तर जवळच्या तेलुगू मंडळीच्या पाळकांना भेटा आणि रविवारी दुपारी तीनची वेळ मागा. जाताना तुमच्या पाळकाचे शिफारसपत्र न्या. त्यात प्रत्येकाचे नाव आणि तो मंडळीचा सभासद आहे, एवढे असावे. वर जे कलमांचे लिहिले, त्यातली वेळ, किल्ली, वीजबिल, वाद्ये एवढी चार कागदावर आणा.

पहिले वर्ष वेगळी नोंदणी करू नका, वेगळे नावही ठेवू नका. अर्पण दोघांनी मोजावे, वहीत लिहून दोघांनी सही करावी आणि तुमच्या गावच्या मंडळीच्या खात्यात जमा करावे. तिथला खर्च तुमच्या समितीने मंजूर करून परत पाठवावा. हे किचकट वाटेल, पण एखादा पोरगा नोकरी बदलून निघून गेला तर पैसा त्याच्या खात्यात अडकत नाही.

वणी (जि. यवतमाळ) येथून : आमची चाळीस घरांची मंडळी आहे. प्रार्थनागृहाची जागा एका दिवंगत सेवकांच्या नावावर आहे. नोंदणी करायची आहे. कुठून सुरुवात करावी?

जागेपासून. ट्रस्ट नंतर.

आधी कागद काढा. गावठाणातली जागा असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, शहर हद्दीत असेल तर आखीव पत्रिका, शेतजमीन असेल तर सातबारा. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ असेल, किंवा जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती हस्तांतरित होत नाही. स्टँप पेपरवर लिहून घेतलेले ‘दानपत्र’ तिथे उपयोगाचे नाही. सेवक वारले आहेत म्हणजे वारसांची नावे चढली असतील किंवा चढायची असतील. सर्व वारस हयात नि समजूतदार आहेत तोवर नोंदणीकृत बक्षीसपत्र करून घ्या. हे काम पुढच्या पिढीवर ढकलले की प्रार्थनागृहाच्या भिंतीचा वाटणीत हिस्सा पडतो. पण बक्षीसपत्र घेणारा कोणीतरी लागतो, म्हणून वारसांची लेखी संमती आज घ्या आणि बक्षीसपत्र ट्रस्ट नोंदल्यावर ट्रस्टच्या नावे करा.

ट्रस्टची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली होते. अर्ज कलम १८ प्रमाणे, तुमच्या विभागाच्या सहायक किंवा उप धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. व्यवस्था निर्माण झाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. उशीर झाला तर कारण लिहून माफीचा अर्ज जोडावा लागतो. सोबत न्यासपत्र किंवा घटना, विश्वस्तांची संमतीपत्रे आणि ओळखपत्रे, कार्यालयाच्या जागामालकाचे ना-हरकत पत्र आणि कर पावती, प्रतिज्ञापत्र. मग कलम १९ ची चौकशी होते आणि नोंद होऊन क्रमांक मिळतो. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खालीही करता येते. त्याला किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात अशी संस्था ट्रस्ट म्हणूनही नोंदली जाते.

घटनेतले एक कलम घाईने उरकू नका : विश्वस्त कसे बदलतात. ‘तहहयात’ हा शब्द टाळा. सात विश्वस्त, पाच वर्षांची मुदत, सभेची सूचना किती दिवस आधी, गणपूर्ती किती. पाळक पदसिद्ध ठेवायचा तर बदली झाल्यावर नवा पाळक आपोआप येईल, असे स्पष्ट लिहा. एकाच घरातले दोघे नसावेत. तीन तरी बायका असाव्यात. मंडळीची वर्गणी त्याच गोळा करतात आणि कोणत्या घरातून का थांबली, हे त्यांनाच ठाऊक असते.

नोंदणीनंतरची चूक सगळीकडे एकच दिसते. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत कलम २२ चा चेंज रिपोर्ट (बदलाचा अहवाल) धर्मादाय कार्यालयाला द्यावा लागतो आणि तो दिला जात नाही. वीस वर्षांनी शेड्युल वनचा, म्हणजे ट्रस्टच्या सरकारी नोंदीचा, उतारा काढावा तर त्यावरचे सगळे विश्वस्त स्मशानभूमीत असतात. मग बँक सही बदलून देत नाही, वीजजोडणी अडते आणि ज्याला भांडायचे असते, त्याला आयती जागा मिळते. हिशेब दरवर्षी ३१ मार्चला बंद करा आणि सहा महिन्यांत लेखापरीक्षण करून घ्या. जमीन विकणे, बदलणे, दान देणे, किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त भाड्याने देणे यांपैकी काहीही कलम ३६ च्या पूर्वपरवानगीशिवाय करू नका.

नवे बांधकाम करायचे असेल तर पाया खणण्याआधी ग्रामपंचायत आणि जिल्हाधिकारी कार्यालय, दोन्हीकडे लेखी परवानगीचा अर्ज द्या. ‘घर’ म्हणून परवानगी काढून प्रार्थनागृह बांधले की पुढे पंचाईत होते. भोंगा लावायचाच असेल तर २००० च्या ध्वनी नियमांप्रमाणे परवानगी घ्या. रात्री दहा ते सकाळी सहा बंद. वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. चाळीस घरांना भोंगा लागत नाही, असे आमचे मत.

अचलपूरहून : अमेरिकेतल्या अशा मंडळीशी पत्रव्यवहार करून आपल्या प्रार्थनागृहासाठी मदत मिळेल का?

पत्रव्यवहार जरूर करा. पैसा घेऊ नका. परदेशी अंशदान (देणगी) कायदा, २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर एक डॉलरही मंडळीच्या नावे घेता येत नाही. परदेशी पाहुण्याने अर्पणाच्या थाळीत टाकलेली नोटसुद्धा. नोंदणीसाठी संस्थेला तीन वर्षे झालेली हवीत आणि त्या काळात उद्दिष्टांवर १५ लाख रुपये खर्च झालेला हवा. पैसा फक्त दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात येतो. ‘अमुक संस्थेकडे नोंदणी आहे, तिच्याकडून फिरवून घेऊ’ हेही २०२० पासून बंद आहे. परदेशात राहणारा तुमचा भाचा भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून देत असेल तर ते परदेशी अंशदान धरत नाहीत. त्याचा पासपोर्ट बदलला असेल तर मात्र धरतात.

धारणी (मेळघाट) येथील एक युवक : आमच्या घरी कोरकू बोलतात. उपासना मराठी-हिंदीत होते. आजीला अर्धे कळत नाही. ओरोमोंनी लिपीचा प्रश्न कसा सोडवला?

दोनदा सोडवला. ओनेसिमोस-आस्तरचे बायबल इथिओपियाच्या जुन्या लिपीत आहे. त्या लिपीत व्यंजनाचे द्वित्त दाखवत नाहीत, आणि ओरोमोत द्वित्ताने आणि स्वर लांबवल्याने अर्थ बदलतो. तरी त्यावरच काम भागवले, कारण वाचणाऱ्यांना ती लिपी ओळखीची होती. बादशाहीत शाळांतून ओरोमोला जागा नव्हतीच. १९९१ नंतर ‘कुबे’ ही रोमन अक्षरांची पद्धत रूढ झाली : स्वर लांब असेल तर अक्षर दोनदा, द्वित्त असेल तर व्यंजन दोनदा. आज वापरात तीच आहे. देवासाठी शब्द मात्र त्यांनी बाहेरून आणला नाही. वाका या जुन्याच शब्दावरून ‘वाकायो’ घेतला आणि बायबलात तोच आहे.

तुम्हाला लिपीची चिंता नाही, देवनागरी पुरते. आस्तरचा क्रम घ्या. आधी भाषांतर नको. आजीकडून लग्नाची, पेरणीची, अंगाईची गाणी ऐकून वहीत उतरवा, शंभर तरी. प्रत्येक गाण्याखाली अडलेले शब्द आणि त्यांचा आजीने सांगितलेला अर्थ. मग एकच उतारा घ्या, उधळ्या पुत्राचा, लूक १५. कोरकूत सांगा, लिहा आणि आजीला वाचून दाखवा. तिने मध्येच ‘असं नाही म्हणत’ म्हटले की तिथे खूण करा. तिसऱ्या वाचनाला ती थांबली नाही तर तो उतारा उपासनेत वाचायला पाळकांकडे न्या. शब्द अडला म्हणून मराठी शब्द कोंबण्याआधी शेजारच्या दोन गावांतही विचारा. कोरकू सगळीकडे सारखी नाही.

दिग्रसहून एक भगिनी : ओरोमोत नमस्कार कसा करतात?

‘अक्कम जिर्ता?’ म्हणजे कसा आहेस, कशी आहेस. वडीलधाऱ्यांना आणि पाळकांना ‘अक्कम जिर्तू?’ म्हणायचे. आपल्या तू आणि तुम्हीएवढाच फरक.